गावपळणीची तारीख

सरांनी नकाशावर बोट ठेवलं तेव्हा त्या बोटाखाली एकतीस घरं होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. जुन्या टोपोशीटवर तिथे उंचीच्या रेषांची दाटी होती आणि एक निळा ओढा. "वर सड्याच्या सपाटीवर एक तळं, खाली या ओढ्यावर दुसरं, मध्ये डोंगराच्या पोटात बोगदा आणि यंत्रघर," सर म्हणाले आणि डब्यातली पोळी खाऊ लागले. मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचा जन्म असा होतो. लोकांना वाटतं मुंबईत किंवा दिल्लीत फाइल हलते आणि मग काहीतरी घडतं. आमच्या प्रकल्पांचा जन्म मात्र पुण्यात, कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत, लिफ्ट कायम बंद असलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या डब्यांमधून जागा करून पसरलेल्या नकाशावर व्हायचा.

हे काम 'पंप्ड स्टोरेज'चं होतं. दुपारी सूर्याची वीज उरते, त्या विजेने खालच्या तळ्यातलं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. पाणी तेच, वर-खाली होत राहतं. कल्पना सुरेख आहे, आणि मी आजही तिच्या विरोधात नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

मी भूगर्भशास्त्रज्ञ. जमिनीत खोल भोक पाडायचं, आतून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या लाकडी खोक्यांत क्रमाने मांडायच्या आणि त्या वाचून सांगायचं की इथे धरण उभं राहील का, बोगदा टिकेल का. हे वाचन मला सरांनी शिकवलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते मला स्कूटरवरून वाघोलीला घेऊन गेले होते. तिथे आमचं गोडाऊन आहे, सगळ्या प्रकल्पांच्या कांड्या तिथेच येतात. तेव्हा वाघोलीला आजूबाजूला शेतं होती. आता गोडाऊनच्या दारातून बारा मजल्यांच्या बाल्कन्यांत वाळणारे कपडे दिसतात. "कोरडा दगड वाचू नकोस," ते म्हणाले होते. "आधी ओला कर. मग रंग दिसतो आणि भेगाही दिसतात." आणि दुसरी गोष्ट : "स्वतः पाहिलंयस तेवढंच लिही. ऐकीव लिहिलंस तर मी फाडून टाकीन." त्यांनी खरंच फाडून टाकलं होतं एकदा, सगळ्या ऑफिससमोर. मी रडले होते आणि संध्याकाळी त्यांनीच मला रिक्षा करून दिली होती. माझे वडील गेले तेव्हा तेराव्याला सर माझ्या भावाच्या बरोबरीने पंगतीत वाढत होते. चोवीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली. हे सगळं सांगतेय कारण पुढचं वाचताना कोणाला वाटू नये की मी एखाद्या परक्या साहेबाबद्दल बोलतेय.

तर नकाशावरून आम्ही प्रत्यक्ष जागेवर गेलो. घाट उतरून कोकणाच्या अंगाला. तिथे कळलं की खालच्या तळ्याला एक नव्हे, दोन जागा आहेत. एक मोठा ओढा, ज्याच्या काठावर ती एकतीस घरांची वाडी. दुसरा डोंगराच्या सोंडेपलीकडचा ओढा, तिथे एकही घर नाही, पण बोगदा लांबणार आणि खडकात मध्येच एक तांबडा मऊ थर, त्याला पक्कं करायला वेळ लागणार. पहिल्या टप्प्याच्या अहवालात अशा पर्यायांचा एक तक्ता असतो. एका बाजूला पर्याय, वरच्या ओळीत रकाने : खडक, बोगद्याची लांबी, जंगल, विस्थापित कुटुंबं. पुढे कितीही जाड खंड निघोत, प्रकल्प खरा ठरतो तो या एका पानावर.

भोकं पाडायला मी तिथे चार महिने जाऊन-येऊन होते. पहिल्यांदा वाडीने आम्हाला यंत्र उतरवू दिलं नाही. त्यांच्या गुरवाने देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि कुठली पाकळी आधी पडते त्याची वाट बघतात. उजवी पडली तर होकार. आम्ही अर्धा तास उन्हात उभे. माझ्याबरोबरचा ड्रिलर म्हणाला, "मॅडम, आता आपला शेड्यूल देव ठरवणार." उजवी पडली. गुरवकाका देवळातून बाहेर आले आणि मला एवढंच म्हणाले, "आमची घरां नकाशार नीट काढा."

"काढीन," मी म्हणाले. हे वचन मी दिलं होतं, कंपनीने नाही.

राहायची सोय वाडीतल्या एका घरात होती. त्या घरच्या बाईंना सगळे वैनी म्हणत, मीही म्हणू लागले. माझ्याच वयाच्या. नवरा मुंबईला गिरणीत होता तो आता परत येऊन काजू करायचा. वैनी मला सकाळी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी देत आणि विचारत, "आज किती खोल गेलास?" जणू मी स्वतःच त्या भोकातून आत उतरत होते. मी एकतीस घरं एकेक करून नकाशावर घेतली. गोठे घेतले, देऊळ घेतलं, माणसांची नावं वहीत लिहिली. पर्यायांबद्दल माझं मत तयार होत होतं : पलीकडचा ओढा घ्यावा. काम वाढेल, पण होईल.

मार्गशीर्षाच्या आधी वैनींनी मला सांगितलं की अमक्या तीन दिवसांत येऊ नका, तुम्हाला जेवायला घालायला कोणी नसेल. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गावपळण आसा." दर तीन वर्षांनी, देवाच्या कौलाने तारीख ठरली की अख्खी वाडी गाव सोडून वेशीबाहेर जाते. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, आजारी म्हातारेसुद्धा. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहायचं. घरात चूल नाही, दिवा नाही, अंगणाच्या तोंडाशी एक काटेरी फांदी आडवी. गाव त्या दिवसांत देवाचं. मग पुन्हा कौल लावायचा, देवाने हो म्हटलं तर परत यायचं. "राहुट्यांत लय मजा," वैनी म्हणाल्या. "सासूबायसुद्धा गाणी म्हणतत." आणि पुढे म्हणाल्या, "तारीख भायर कोणाक सांगू नकात. घरां रिकामी आसतत."

मी सांगितली.

त्यात लपवण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यात आलंच नाही. वाघोलीच्या गोडाऊनमध्ये सर आणि मी कांड्या ओल्या करत बसलो होतो, चहा आला होता, आणि मी एखाद्या सुंदर गोष्टीसारखी ती सांगितली : अख्खं गाव, कोंबड्यांसकट! सर अगदी मनापासून ऐकत होते. त्यांचं आजोळ तळकोकणातलं. म्हणाले, "अगं, मी लहानपणी पाहिलीय गावपळण. आमची आजी मांजर टोपलीत घालून न्यायची." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी बादलीत हात धुतले, पुसले आणि विचारलं, "नक्की कुठले दिवस म्हणालीस?"

मी तारीख सांगितली. सर 'वा' म्हणाले. आम्ही पुढच्या खोक्याकडे वळलो.

पहिला अहवाल छापून आला तेव्हा मी तो सवयीने मागून वाचायला घेतला, आधी माझं प्रकरण. ते जसंच्या तसं होतं, खाली माझी सही. मग तक्त्याचं पान उघडलं. मोठा ओढा, विस्थापित कुटुंबं : 'हंगामी वस्ती. पाहणीच्या वेळी एकही रहिवासी आढळला नाही.' मागे परिशिष्टात फोटो होते. वैनींचं दार, बंद. रिकामा गोठा. दावणीला दावं नाही. अंगणं झाडलेली, पण काही फोटोंत त्यांच्या तोंडाशी आडवी काटेरी फांदी. वरून ड्रोनने घेतलेला एक फोटो, त्यात एकाही घरातून धूर निघत नव्हता. मी काढलेला एकतीस घरांचा नकाशा कुठेच नव्हता. शिफारस : मोठा ओढा.

मला आधी राग आला नाही. आधी वाटलं की चूक झालीय, नवीन पोरांना पाठवलं असेल, त्यांना काय माहीत गावपळण. सरांना सांगितलं की ते फाडून टाकतील. मी जवळजवळ खुशीत त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"खोटं काय आहे त्यात, ते सांग," सर म्हणाले.

"सर, ती माणसं तीन दिवस बाहेर होती. तुम्हाला माहीत होतं."

"अहवालात 'कधीच कोणी नसतं' असं लिहिलंय का? 'पाहणीच्या वेळी' लिहिलंय. पाहणीच्या वेळी जे दिसलं तेच लिहिलंय. तुला मीच शिकवलंय ना, पाहिलेलंच लिहायचं?"

"पण त्याच तीन दिवसांत पाहणी कोणी ठेवली?"

सरांनी चष्मा काढला. "तारीख तूच तर सांगितलीस," ते म्हणाले, आणि आवाजात जराही कडवटपणा नव्हता. मला जो घाव बसला तो त्या साधेपणाचा. मग मऊ झाले, चोवीस वर्षांच्या सवयीने. "हे बघ, पलीकडचा ओढा घेतला तर हा प्रकल्प उभाच राहत नाही. दुसरी कंपनी येईल, तीही हाच ओढा घेईल. तुझ्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं ना? त्याच्या वरच्या धरणांत गावं गेलीयत. आंघोळ करताना कधी आठवण काढलीस? आणि हा फक्त पहिला अहवाल आहे. पुढच्या टप्प्यात सविस्तर सर्वेक्षण होईल, घरं मोजली जातील. तेव्हा दुरुस्त करू."

मी 'बरं' म्हणाले. मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवला. वेड पांघरून पेडगावला जाणं यालाच म्हणत असावेत.

पुढच्या टप्प्यात घरं खरोखरच मोजली गेली. एकतीस भरली. पण तोवर जागा ठरलेली होती. मोठ्या ओढ्यावरच्या धरणाची चित्रं तयार झाली होती, आणखी बारा भोकं तिथेच पाडून झाली होती, पर्यावरणाचा अभ्यास त्याच ओढ्याचा, वीज नेणाऱ्या मनोऱ्यांची रांग त्याच डोंगरावरून. तक्त्याचं ते पान पुन्हा कोणी उघडलं नाही. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "मॅम, ऑप्शन तर ऑलरेडी फ्रीझ झालाय ना? आता फक्त आर अँड आर बघायचंय." आर अँड आर म्हणजे पुनर्वसन. असे प्रकल्प कोणी एका दिवशी निर्णय घेऊन बांधत नाही. प्रत्येक टप्प्यावर सांगतात की हे आधीच ठरलंय, आणि आधीच्या टप्प्यावर सांगितलेलं असतं की हे नंतर ठरेल. मध्ये कुठेतरी ते ठरून जातं आणि त्या वेळी खोलीत कोणीच नसतं. मी इतकी वर्षं या धंद्यात होते आणि हे मला एकतीस घरं त्यात अडकल्यावर कळलं.

मग आली जनसुनावणी. वरातीमागून घोडं, पण कायद्याने ते नाचवावं लागतं. तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात मांडव, मंचावर अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं आणि त्यांच्या मागच्या रांगेत आम्ही सल्लागार. सर माझ्या शेजारी. अहवालाचा मराठी सारांश महिनाभर आधी ग्रामपंचायतीत ठेवलेला होता, पहिल्या अहवालातल्या त्याच फोटोंसकट. वाडीची माणसं ट्रकमधून आली होती, बायका इस्त्रीच्या साड्या नेसून.

वैनींचा नवरा उठला. त्याने सारांशाचं पान वर धरलं. "ह्या माझा घर," तो म्हणाला. "ही काट्याची फांदी मी स्वता टाकलंय. ह्यो फोटो गावपळणीतलो आसा." सभेत गलका झाला. अधिकारी म्हणाले, नोंद घेतली आहे, पुढचा मुद्दा. पण वाडीला पुढचा मुद्दा नको होता. कोणीतरी ओरडलं, "तारीख भायर कोणी सांगल्यान?"

तारीख देवाची, पण ती गुरवाच्या तोंडून बाहेर पडते. सगळी वाडी गुरवकाकांकडे वळली. कंपनीने किती पैसे दिले असं विचारत एक तरुण त्यांच्या अंगावर धावून गेला. दुसऱ्याने त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर टाकली. गुरवकाका खाली मान घालून बसून राहिले. टोपीसुद्धा उचलली नाही. वैनी उठल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, सभेतल्या त्या एकट्याच.

मी मूग गिळून बसले. माझ्या शेजारी सर होते, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, धीर दिल्यासारखा, आणि तो हात मी झटकलासुद्धा नाही.

राजीनामा मी त्यानंतर आठ महिन्यांनी दिला, त्यात शौर्य नव्हतं. आता वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते, गोडाऊनपासून दोन चौक अलीकडे. निरोप समारंभाला सरांनी भाषण केलं, माझं कौतुक करताना मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला खात्री आहे की ते नाटक नव्हतं. माणसं अशीही असतात. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले : भावाला, मैत्रिणींना, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना. चोवीस वर्षं ज्यांना वडिलांच्या जागी मानलं त्यांनी माझा केसाने गळा कापला. ऐकणारे हळहळायचे. मला बरं वाटायचं.

तीन वर्षं भरली, या वर्षी पुन्हा गावपळणीचा मार्गशीर्ष आला. प्रकल्पाचा रस्ता डोंगरात चढलाय, बोगद्याचं तोंड उघडलंय, वाडीला नोटिसा मिळाल्यात पण घरं अजून उभी आहेत. वैनींचा फोन आला, सभेनंतर पहिल्यांदाच. देवाने कौल दिलाय, गाव सोडा म्हणून. "पण औंदा कोण भायर जावचा नाय," त्या म्हणाल्या. घरं रिकामी दिसली की पुन्हा कोणी येऊन काय लिहून नेईल या भीतीने अख्ख्या वाडीने देवाचा शब्द मोडला होता. माणसं दारं उघडी टाकून अंगणात बसणार होती. "गुरव मातर एकटो गेलोहा," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून मी निघाले. वाडीत शिरले नाही, तेवढी लाज शिल्लक होती. वेशीच्या ओहोळाअलीकडे एकच राहुटी होती, झावळ्यांची. बाहेर तीन दगडांची चूल, एक शेळी आणि गुरवकाका. समोरच्या डोंगरावर सुरुंग उडाला, शेळी दचकली, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. बसायला गोणपाट सरकवलं.

मी सगळं सांगितलं. गोडाऊन, चहा, हसणं, तारीख. सर कोण होते, मी त्यांना किती मानायचे, त्यांनी मला कसं फसवलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते न अडखळता आलं.

"म्हायत आसा," गुरवकाका म्हणाले. "वैनीन त्याच दिसा सांगल्यान माका. भायल्या कोणाक सांगलेली ती तुमकाच."

"त्याच दिवशी म्हणजे? सभेच्या?"

"सभेच्या आदी. फोटो बघलंव तेवाच."

"मग तुम्ही सभेत बोलला का नाहीत? तुमची टोपी काढली त्यांनी."

त्यांनी चुलीत एक काटकी सारली. "बोललंय असतंय तर गाव तुमच्यार उठलो असतो. साहेबांच्या बाजूक आमच्या अशा तुमी एकट्याच होतास. आमी वाट बघित होतंव, तुमी उठून बोलशात म्हणान."

एवढं बोलून ते चहाचं आधण बघायला वाकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता, मी पुण्याहून त्यासाठीच आले होते. त्यांनी मला चहा दिला, बिनदुधाचा, आणि मी तो प्यायले. ओहोळाच्या पलीकडे वाडी दिसत होती, गुरवकाकांचं घर सोडून तीस घरांतून धूर निघत होता आणि अंगणाअंगणांत माणसं रस्त्याकडे तोंड करून बसली होती.